विश्लेषण : तोंडातून निघणारी कागदी पट्टी आणि ‘प्रोफेसर केळफा’… दादासाहेब फाळके जादूगार होते तेव्हा काय शिकले?

शाळेच्या स्नेहसंमेलनात जादूगार कागदाचे चार कपटे चावून खातो आणि मग तोंडातून रंगीत कागदाची न संपणारी पट्टी ओढू लागतो. पालघरच्या शाळांपासून बोईसर-तारापूरच्या वसाहतींमधल्या वाढदिवसांपर्यंत हा प्रयोग हमखास टाळ्या घेतो. यामागचे साधन म्हणजे ‘माउथ कॉइल’, अर्थात कागदी पट्टीची घट्ट गुंडाळी. लांब पट्टी, घट्ट गुंडाळी आणि आधी केलेली तयारी यांवर एक चमत्कार उभा राहतो, हे तत्त्व सव्वाशे वर्षांपूर्वी बडोद्यात जादूचे प्रयोग करणाऱ्या एका मराठी माणसाच्या पुढे फार कामी आले. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. त्याआधी ते ‘प्रोफेसर केळफा’ होते.

कागदी कॉइल नेमकी चालते कशी?

साधारण एक-दोन सेंटीमीटर रुंदीची कागदी पट्टी चकतीसारखी गुंडाळलेली असते. दोरा रिळावरून बाहेरच्या बाजूने सुटतो. कॉइल मात्र मधल्या टोकाने ओढायची असते. त्यामुळे पट्टी बाहेर येत असताना चकतीला गरगर फिरावे लागत नाही आणि ती दातांमागे स्थिर राहते. प्रत्येक वेढ्यागणिक पट्टीला एक पीळ बसतो. पट्टी हवेत वळत, लहरत खाली येते ती या पिळामुळे.

चकतीत किती कागद मावतो, याचा हिशेब सोपा आहे. ४ सेंटीमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे १,२५६ चौरस मिलिमीटर होते. त्याला कागदाच्या जाडीने भागले की पट्टीची लांबी मिळते. वहीच्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली तर सुमारे साडेबारा मीटर पट्टी मावते. ०.०३ मिलिमीटरचा पातळ टिश्यू कागद असेल, तर त्याच चकतीत सुमारे ४२ मीटर पट्टी बसते. हा गुंडाळी पूर्ण घट्ट असतानाचा हिशेब आहे. सैल गुंडाळीत लांबी कमी भरते.

कोणती कॉइल चांगली?

जाड कागदाची कॉइल सहसा तुटत नाही, पण लवकर संपते. एका ओढीत अर्धा मीटर पट्टी निघते असे धरले, तर साडेबारा मीटरला पंचवीस ओढी पुरतात. पातळ कागदाची कॉइल मुलांना थक्क करते, कारण ती संपतच नाही. पण ओलसर झाली की ती मध्येच तुटते. म्हणून घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मधले टोक मोकळे आणि चटकन सापडणारे हवे. दुसरी, रंग पक्का हवा. एक तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासला की लगेच कळते. रंग सुटणारी कॉइल तोंडात घालू नये. तिसरी, पट्टी जोडलेली असेल तर सांधे अडकणारे नसावेत.

किनाऱ्यालगतच्या भागात आणखी एक अडचण असते. कागद हवेतला ओलावा शोषतो. पावसाळ्यात, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत उघडी ठेवलेली कॉइल फुगते आणि वेढे एकमेकांना चिकटतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ती ठेवली तर बरी राहते. प्लास्टिकच्या पट्टीला ओलाव्याची भीती नसते, पण ती कागदासारखी लहरत नाही आणि नंतर कचरा म्हणून उरते. रंगमंचावर उद्घाटनाची समई पेटलेली असेल किंवा डोक्यावर पंखा चालू असेल, तर कोणतीच पट्टी सुरक्षित नाही. कॉइल एकदाच वापरायची असते आणि ती मुलांच्या हाती द्यायची नसते. घशात अडकण्याचा धोका खरा आहे.

थोडक्यात, प्रेक्षकाला दिसतो तो अर्ध्या मिनिटाचा चमत्कार. तो यशस्वी होणार की फसणार, हे गुंडाळी करणाऱ्याच्या हाताने आधीच ठरवलेले असते. फाळके यांच्या आयुष्यात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

त्र्यंबकेश्वर ते बडोदा…

पालघरहून मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा असा रस्ता घाट चढून त्र्यंबकेश्वरला जातो. पालघर जिल्ह्याची पूर्वेची हद्द ओलांडली की लागणाऱ्या या तीर्थक्षेत्री ३० एप्रिल १८७० रोजी फाळके यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. घरातले वळण पौरोहित्याचे आणि शास्त्राध्ययनाचे. वडिलांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले.

मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे होता. १८८५ मध्ये त्याने जे. जे. कला महाविद्यालयात प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, छपाईच्या प्रक्रिया अशा अनेक गोष्टी त्याने आत्मसात केल्या. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात हातकौशल्य आणि तंत्र एकाच छताखाली शिकवले जात होते. फाळके यांच्यासारख्या हरहुन्नरी तरुणाला ती जागा मानवली.

पोटापाण्यासाठी त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रांचा व्यवसाय सुरू केला. तिथे प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दगावले. फाळके बडोद्याला परतले आणि पुन्हा स्टुडिओ थाटला. तेव्हा फोटो काढला की आयुष्य कमी होते, कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो, अशी समजूत लोकांत पसरलेली होती. गिऱ्हाईक फिरकेना. मग त्यांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवायला घेतले. त्या निमित्ताने रंगमंचाची मागची बाजू त्यांनी जवळून पाहिली.

‘प्रोफेसर केळफा’ कोण?

याच काळात बडोद्यात दौऱ्यावर आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून फाळके यांनी जादू शिकून घेतली. १९०१ च्या अखेरीस ते स्वतः जाहीर प्रयोग करू लागले. त्यासाठी त्यांनी आपले आडनाव उलटे केले. ‘फाळके’ मागून पुढे वाचले की ‘केळफा’ होते. त्याच्या आधी ‘प्रोफेसर’ लावले. जादूगाराने स्वतःला प्रोफेसर म्हणवून घेणे ही त्या काळची जगभरची रीत होती.

जादूचा धंदा शिकताना माणसाला काही सवयी लागतात. प्रेक्षकाची नजर कुठे आहे याचा सतत अंदाज घ्यावा लागतो. वस्तू बदलायची तर बदलाच्या आधीचा आणि नंतरचा क्षण अगदी सारखा दिसावा लागतो. साहित्य आधी तपासावे लागते, कारण रंगमंचावर दुसरी संधी नसते. छायाचित्रण, रंगवलेले पडदे आणि हातचलाखी ही तिन्ही कौशल्ये तिशी ओलांडलेल्या फाळके यांच्यापाशी एकत्र आली होती. त्यांचा एकत्र उपयोग कुठे करायचा, हे मात्र अजून ठरायचे होते.

जगात तेव्हा जादूगार आणि चलच्चित्र यांची गाठ पडलेलीच होती. पॅरिसमध्ये जादूचे थिएटर चालवणारे जॉर्ज मेलिएस यांनी १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंचा खेळ पाहिला आणि ते चित्रपटांकडे वळले. कार्ल हर्ट्‌झ हा जादूगार १८९६ मध्येच आपल्या प्रयोगांसोबत चलच्चित्रांचे यंत्र घेऊन दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियापर्यंत फिरला. मुंबईत त्याच वर्षी ७ जुलै रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला. लोकांच्या लेखी ती जादूच होती.

नोकरी, छापखाना आणि पुन्हा शून्य…

१९०२ मध्ये फाळके यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर. किर्लोस्कर नाटक मंडळींच्या मालकांच्या नात्यातल्या या मुलीचे लग्नानंतरचे नाव सरस्वती. पुढच्या गोष्टीत या नावाचे महत्त्व फार मोठे आहे.

१९०३ मध्ये फाळके यांना भारतीय पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी लागली. ती त्यांनी १९०६ मध्ये सोडली आणि लोणावळ्यात छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी शिळाछापाची कामे तिथे होत. व्यवसाय वाढला, छापखाना दादरला आला, भागीदार बदलले आणि नाव झाले ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. पुढे भागीदारांशी मतभेद झाले आणि त्यांनी छापखाना सोडला, तोही आर्थिक लाभ न घेता. चाळिशी गाठलेला हा माणूस पुन्हा रिकाम्या हाताने उभा होता.

गिरगावातल्या त्या खेळाने काय बदलले?

एप्रिल १९११ मध्ये फाळके मुलाला घेऊन गिरगावातल्या ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये गेले. पडद्यावर प्राणी हलताना दिसले. घरी आल्यावर कोणाचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी ते कुटुंबासह पुन्हा गेले. ईस्टरमुळे त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. तो पाहताना राम आणि कृष्ण असेच पडद्यावर यायला हवेत, हे त्यांच्या मनाने घेतले.

पुढचे वर्षभर हाच एक ध्यास होता. लहान कॅमेरा आणि फिल्मची रिळे विकत घेऊन, भिंगासमोर मेणबत्ती धरून ते घराच्या भिंतीवर चित्रे पाडत. रोज चार-पाच तास चित्रपट पाहत आणि उरलेल्या वेळात ते कसे बनले असतील याचा विचार करत. झोप उडाली, डोळ्यांवर ताण आला आणि काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले.

लंडनमध्ये ओळखीचे कोणी नव्हते. ‘बायोस्कोप’ या चित्रपट साप्ताहिकाची पाटी दिसली तेव्हा ते थेट आत गेले. संपादक कॅबॉर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला आणि मग मदतही केली. चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळके यांना चित्रीकरणाचे काम जवळून पाहता आले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेतले, कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली आणि १ एप्रिलला ते परत आले.

वाटाण्याच्या वेलाने भांडवल कसे मिळवून दिले?

कॅमेरा आला, पण चित्रपटासाठी पैसे नव्हते. सावकाराला पटवायचे तर काही करून दाखवायला हवे होते. फाळके यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर रोखून ठेवला. महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या वेळाने ते एकेक चौकट टिपत राहिले. ती पट्टी चालवून दाखवली तेव्हा बी फुटले, कोंब आला आणि वेल झरझर वर चढला. ‘अंकुराची वाढ’ हा तो मिनिटभराचा चित्रपट.

सेकंदाला १६ चौकटी या त्या काळच्या सर्वसाधारण वेगाने मिनिटभराच्या पट्टीला ९६० चौकटी लागतात. म्हणजे महिन्याला विभागले तर दिवसाला बत्तीसएक. इतके दिवस कॅमेरा हलू न देता, उजेड सांभाळत, मोजून काम करायचे होते. आंब्याची कोय पेरून घटकाभरात झाड उगवून दाखवणे हा भारतीय जादूगारांचा जुना आणि जगप्रसिद्ध खेळ. फाळके यांनी तोच परिणाम साधला. फरक इतकाच की इथे वेल खराखुरा वाढला होता, आकसला होता तो काळ. निवडक मंडळींनी हा चित्रपट पाहिला आणि कर्ज मिळाले.

फिल्मला छिद्रे कोणी पाडली?

कॅमेऱ्यातून फिल्म पुढे सरकते ती कडांवरच्या छिद्रांमुळे. कॅमेऱ्यातले दाते त्या छिद्रांत अडकतात आणि पट्टी एकेक चौकट पुढे ओढतात. छिद्र थोडे जरी इकडेतिकडे पडले, तरी पडद्यावर चित्र थरथरते. फाळके यांच्याकडे येणारी कच्ची फिल्म कोरी असे. छिद्रे घरीच पाडावी लागत, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया.

हे काम सरस्वतीबाईंनी केले. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटात १६ चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना मिळून आठ छिद्रे. म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी होती सुमारे ३,७०० फूट. चित्रपटाच्या एका प्रतीतच पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रे येतात. त्याशिवाय मूळ निगेटिव्ह वेगळी, वाया गेलेली फिल्म वेगळी.

सरस्वतीबाईंचे काम एवढ्यावर थांबले नाही. फिल्म धुण्याची रसायने त्यांनी कालवली. चित्रीकरणात नटांच्या अंगावर उजेड पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून त्या उन्हात उभ्या राहिल्या. युनिटमधल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. पैसे कमी पडले तेव्हा दागिने काढून दिले. कॉइलच्या प्रयोगात गुंडाळी करणारा हात कोणाला दिसत नाही. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या पट्टीमागचा हात असाच बराच काळ दिसला नाही. तो सरस्वतीबाईंचा होता.

हरिश्चंद्राचा कारखाना आणि पहिला खेळ…

चित्रीकरण दादरला झाले आणि बाहेरची दृश्ये वांगणी गावाजवळ टिपली गेली. सिनेमात काम करणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. म्हणून युनिटमधल्या लोकांनी विचारणाऱ्याला आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असे सांगावे, असे ठरले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, रोहिदास झाला फाळके यांचाच मुलगा भालचंद्र. कॅमेरा होता त्र्यंबक तेलंग यांच्या हाती. काम सुमारे सात महिने चालले.

२१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला. ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्या कार्यक्रमात एकटा चित्रपट नव्हता. जोडीला नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचा खेळही होता. प्रेक्षकांनी हरिश्चंद्राची कथा पाहिली ती अशा करमणुकीच्या मेळ्यात. ‘प्रोफेसर केळफा’ला हे वातावरण नवे नव्हते.

याआधी भारतात काहीच चित्रित झाले नव्हते असे नाही. सावे दादा म्हणजेच हरिश्चंद्र भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले होते. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १९१२ मध्ये दाखवला गेला होता. तो नाटकाच्या प्रयोगाचे चित्रण होता. कथा, चित्रीकरण, फिल्म धुणे, जोडणे अशा सगळ्या पायऱ्या स्वतः उभ्या करून कथापट बनवण्याचे श्रेय फाळके यांच्याकडे जाते ते यामुळे.

हातचलाखी कॅमेऱ्यात कशी आली?

यशानंतर फाळके यांनी मुक्काम नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी कामे केली आणि पडद्यावर स्त्रिया आल्या. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. गर्दी एवढी लोटली की तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागल्याची आख्यायिका आजही सांगतात. १९१८ मध्ये ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’ आला. ‘कालियामर्दन’मधला बाळकृष्ण म्हणजे फाळके यांची मुलगी मंदाकिनी.

या चित्रपटांत देव प्रकटतात आणि अदृश्य होतात. त्यामागे दोन मुख्य युक्त्या होत्या. पहिली, कॅमेरा थांबवायचा, नटांनी जागेवर स्तब्ध राहायचे, एकाने चौकटीबाहेर जायचे आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. प्रेक्षकाला माणूस क्षणात नाहीसा झाल्यासारखा दिसतो. दुसरी, एकच पट्टी दोनदा कॅमेऱ्यातून न्यायची. पहिल्या वेळी चौकटीचा एक भाग काळा ठेवायचा, पट्टी मागे गुंडाळायची आणि दुसऱ्या वेळी त्या भागात दुसरे चित्र टिपायचे. कंसाला आपलेच शिर धडावेगळे झालेले दिसते, असे दृश्य यातून शक्य होते.

त्या काळचे कॅमेरे हाताने फिरवायचे असत. दांड्याच्या एका फेऱ्यात साधारण आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. पट्टी मागे गुंडाळताना फेरे मोजूनच मागे यावे लागे. एक फेरा चुकला की शिर धडाशी जुळत नसे. टिपलेले दृश्य लगेच पाहण्याची सोय नव्हती. फिल्म धुतल्यावरच कळे. जादूगाराला लागलेली मोजण्याची आणि तालमीची सवय इथे उपयोगी पडली.

पौराणिक चित्रपटांबरोबर फाळके यांनी छोटे प्रयोगही केले. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या आपोआप हलून आकृत्या बनतात. ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये नाण्यांची करामत आहे. प्रोफेसर केळफाच्या जादूचेही त्यांनी चित्रण केले. म्हणजे रंगमंच सोडल्यावरही त्यांनी ते जुने नाव टाकून दिले नव्हते.

जादूगाराने गुपित का उघड केले?

जादूच्या धंद्यातला पहिला नियम गुपित न सांगण्याचा. फाळके यांनी तो मोडला. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक लघुपट त्यांनी १९१७ च्या सुमारास काढला. त्यात ते स्वतः नटांना सूचना देताना आणि फिल्मवर काम करताना दिसतात.

कारण व्यावहारिक होते. त्यांना देशात चित्रपटाचा धंदा उभा करायचा होता आणि तो एकट्याने उभा राहणार नव्हता. पडद्यावरची गोष्ट परदेशातून आलेली अद्भुत वस्तू आहे, असे लोकांना वाटत राहिले असते तर भांडवल मिळाले नसते, शिकायला माणसे आली नसती आणि तंत्रज्ञ तयार झाले नसते. हे काम इथली माणसे, इथल्या घरात करू शकतात, हे दिसणे गरजेचे होते. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, १९१४ मध्ये, ते आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले तेव्हा तिथे काम करण्याचे प्रस्ताव आले होते. ते नाकारून ते परतले, त्यामागेही हाच विचार होता.

शेवटची वर्षे कशी गेली?

१ जानेवारी १९१८ रोजी भागीदारांच्या भांडवलावर ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ सुरू झाली. पैसा आला, त्याबरोबर मतभेदही आले. खर्चाचा हिशेब आणि कामाची मोकळीक यांत फाळके यांचे भागीदारांशी जमेना. कंपनी सोडून ते काशीला गेले आणि तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही काळाने कंपनीत परतले, पण पूर्वीचा सूर पुन्हा लागला नाही.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. फाळके यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला होता. काळ बदलल्यामुळे त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ मधला ‘गंगावतरण’ हा कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. तोवर नव्वदहून अधिक चित्रपट आणि पंचवीसहून अधिक लघुपट त्यांच्या नावावर होते. हाती पैसा मात्र राहिला नव्हता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च पुरस्कार सुरू केला.

मूकपटांच्या काळातली बहुतेक फिल्म आज उरलेली नाही. नायट्रेटची ती फिल्म चटकन पेट घेई आणि न पेटता राहिली तर उष्णतेने, ओलाव्याने आपोआप कुजे. ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेला आहे.

मुलांच्या कार्यक्रमासाठी यातून काय घ्यावे?

साडेबारा मीटरची कागदी कॉइल ओढायला अर्धा मिनिट पुरतो. तेवढ्याच लांबीची फिल्म फाळके यांच्या काळच्या वेगाने सुमारे ४१ सेकंद चालली असती. दोन्हींत चमत्काराचा वेळ थोडा आणि तयारीचा वेळ मोठा. शाळेच्या कार्यक्रमासाठी महागडी, लांबलचक कॉइल घेण्यापेक्षा मध्यम लांबीची, पक्क्या रंगाची, कोरडी ठेवलेली कॉइल घेणे आणि तशाच आणखी दोन कॉइल तालमीत वापरून पाहणे जास्त उपयोगाचे.

प्रयोग संपल्यावर वरच्या वर्गातल्या मुलांना कागदाची दुसरी गुंडाळी हातात घेऊन ती मधून का ओढायची, हे जादूगाराने समजावून सांगितले तरी बिघडत नाही. प्रोफेसर केळफाने आपले गुपित उघडे केले होते. त्यानंतर पडद्यावरची जादू कमी झाली नाही आणि ती करणारे हात मात्र वाढले.